लोखंड पूजेला बसलं

खंडेनवमीच्या पहाटे नळावर तोंड धुऊन मी घरात आलो आणि पाहतो तर माझे सगळे आयर्न, म्हणजे गोल्फच्या लोखंडी पात्यांच्या काठ्या, देवघरासमोर पाटावर ओळीनं आडवे झालेले. प्रत्येकाला हळदीकुंकू, प्रत्येकाच्या मानेला झेंडूचं फूल, शेजारी उदबत्ती. त्यांच्यापुढे मांडी घालून, डोळे मिटून निवृत्तीमामा बसलेले. मामा म्हणजे माझे सासरे.

"मामा, मी आज खेळू कशानं?"

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे न पाहता वात सारखी केली.

"पूजेला बसलंय ते. उद्या सोनं लुटून झालं की उचल."

"उद्या उचलून काय करू? स्पर्धेची शेवटची फेरी आज आहे."

"ठाऊक हाये मला," मामा म्हणाले आणि घंटी वाजवायला लागले. घंटी वाजायला लागली की त्या घरात कुणी बोलत नसे.

मामांच्या, म्हणजे पाळद्यांच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात आणि एकदा बसली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे मला काही नवीन नव्हतं. माझी बायको मंदा शिवणयंत्राला हार घालायची, मामा बॅगेतली एखादी काठी, एक जुना मोडका क्लब, पाटावर ठेवायचे, की झाली पूजा. बाकीची हत्यारं बिचारी कामावर जायची. देवीनंही आजवर कधी तक्रार केली नव्हती. यंदाच तिला माझा अख्खा सेट कशाला हवा झाला होता?

आमची वस्ती देवळालीची. छावणीच्या कडेला एक गोल्फचं मैदान, आणि त्या मैदानावर निम्म्या वस्तीचं पोट. मामांनी तिथं उभी हयात कॅडी म्हणून, साहेबांच्या काठ्यांची बॅग वाहत काढली. मी सिन्नरकडून आलेला, आईबापाविना वाढलेला. मामांनी मला आधी बॅग उचलायला शिकवलं, मग चेंडू मारायला, आणि शेवटी मुलगीही दिली. जावयाला दशमग्रह म्हणतात. घरजावयाला ग्रहाचा मान नसतो, तो नुसता घराभोवती फिरत असतो. मी फिरत होतो. सोमवारी मैदान सभासदांसाठी बंद असे, तेव्हा कॅडी लोक खेळत. त्या सोमवारांच्या जोरावर मी इथवर आलो होतो की व्यावसायिक खेळाडूचं कार्ड मिळवायच्या स्पर्धेत उतरलो, आणि नशीब असं की त्या वर्षी स्पर्धा आमच्याच मैदानावर भरली.

तिशी उलटली होती. मंदाला मी शब्द दिला होता की ही शेवटची खेप. कार्ड मिळालं तर देशभरच्या स्पर्धा खेळायला मिळणार, नाही तर दिवाळीनंतर गोल्फ बंद आणि तिच्या चुलतभावाचा टेम्पो चालवायचा. तीन फेऱ्या झाल्या होत्या. ज्या रेषेच्या वरच्यांना कार्ड मिळणार त्या रेषेवर मी नखांनी लटकलो होतो. आणि तिसऱ्या संध्याकाळी जेवताना माझ्या हातून पाण्याचा तांब्या सुटला होता.

सगळं दुखणं माझ्या कोपराचं. मामांचा सेट स्टीलच्या दांड्यांचा. एका जुन्या साहेबानं जाताना त्यांना दिलेला, आणि मामांनी लग्नात मला दिलेला. बाकी लोक जावयाला अंगठी घालतात. स्टीलची दांडी जड, सरळ, विश्वासाची. पण चेंडू जरा इकडेतिकडे बसला की तिच्यातून जी कळ येते ती मनगटातून निघते आणि कोपरात घर करते. माझ्या कोपरात तिनं अख्खी चाळ बांधली होती. मारताना माझ्या तोंडून कण्हणं बाहेर पडायचं आणि मी ते खोकल्याखाली दडपायचो.

मैदानासमोरच्या बंगल्यात डॉक्टर पेरीनबाई राहायच्या. पारशी, एकट्या, जिभेनं तिखट. त्यांनी माझा हात दाबून पाहिला आणि विचारलं, "हे लोखंड कोणाचं?" मी म्हटलं, सासऱ्यांचं. "तुझा सासरा म्हातारा गाढव हाय. पण तू तर तरुण गाढव हायेस," त्या म्हणाल्या, आणि आतून त्यांच्या दिवंगत यजमानांचा सेट काढून आणला. काळ्या, गुळगुळीत दांड्या. ग्राफाइट. हातात घेतला तर वाटलं दांडी विसरून नुसतं पातंच दिलंय. दणका ती दांडी स्वतःच गिळते, कोपरापर्यंत पोचू देत नाही. पण हलकी असल्यामुळे हात पुढे पळतो, पातं कुठं आहे ते कळत नाही, आणि चेंडू भलताच लांब जातो. तिच्याशी जमवून घ्यायला वेळ द्यावा लागतो.

तो मी चोरून दिला; घरात फक्त मंदाला ठाऊक होतं. स्पर्धेआधी महिनाभर पहाटे पेरीनबाईंच्या गॅरेजमधून त्या काढायच्या, मैदानाच्या टोकाला उभं राहून बाभळींच्या दिशेनं चेंडू मारायचे, उजाडलं की परत ठेवायच्या. चेंडू वेचायला गेलो की बरेचदा ते एका जागी गोळा करून ठेवलेले सापडायचे. मी मनातल्या मनात माळ्याला दुवा द्यायचो. चोरून अशासाठी की मामांपुढे ग्राफाइटचं नाव काढायची सोय नव्हती. ते त्याला काडी म्हणत. "लोखंड खोटं बोलत नाय," असं त्यांचं वचन. "चुकलास तर हाताला सांगतं. काडी चूक लपवती. काडी म्हाताऱ्यांची आन् बायकांची." आणि स्पर्धेत माझी बॅग उचलणार होते तेच. त्यामुळे पहाटे काडी, दिवसा लोखंड. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. स्पर्धा सुरू झाली तेव्हाही मला कुठलं धरावं ते ठरवता आलं नाही, आणि ठरवता आलं नाही म्हणून मी लोखंडानंच खेळलो.

आता ते लोखंड फुलं बांधून निजलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन मंदाला गाठलं. तूच सांगितलंस ना त्यांना पेरीनबाईंच्या सेटचं, म्हणून मी तिच्यावर घसरलो. तिनं शपथ घेऊन सांगितलं की तिनं चकार शब्द काढला नव्हता. मग म्हणाली, "असं भांडत बसलास तर उशीर होईल. जा आणि त्या काळ्या दांड्या घेऊन ये."

"आणि मामांनी बॅग उचलायला नकार दिला तर?"

"तर मी उचलते."

मी सायकल काढली. डोकं भणभणत होतं. माझा हिशेब सरळ होता. म्हाताऱ्याला माझी चोरी कळली आणि त्यानं देवीच्या आडून सूड उगवला. काडीच हवी ना, घे काडी, आणि पड तोंडावर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभ अजून धडधाकट होता. पेरीनबाई व्हरांड्यात उभ्या होत्या, दांड्या पुसून, टॉवेलात गुंडाळून तयार. "किती उशीर करतोस," म्हणाल्या. त्या एवढ्या पहाटे उठून माझी वाट का पाहत होत्या, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

मैदानावर पोचलो तर मामा माझी बॅग खांद्याला लावून उभे. आत लांब मारायचा ड्रायव्हर होता, चेंडू होलात ढकलायचा पटर होता, बाकीची लाकडं होती. फक्त आयर्नच्या जागा रिकाम्या. म्हणजे देवीला नेमकं तेवढंच हवं होतं. मी एकेक काळी दांडी बॅगेत टाकली. मामांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान वळवली.

कॅडीगिरीचा पहिला नियम मामांनीच मला शिकवलेला: खेळणाऱ्यानं विचारल्याशिवाय कॅडीनं तोंड उघडायचं नाही. साहेब चुकीचा क्लब उचलतोय असं दिसलं तरी नाही. हा नियम ते देवाधर्माइतका पाळायचे. आणि मी त्या सकाळी ठरवलं होतं की काय वाटेल ते होवो, ह्या माणसाला काही विचारायचं नाही.

असा आमचा पहिला अर्धा डाव, नऊ होलांचा, झाला. माझ्याबरोबर खेळणारे दोघे परगावचे होते, त्यांना काय कळणार? मी लोखंडाच्या हिशेबानं क्लब उचलायचो आणि चेंडू ग्रीनवरून, होलाभोवतीच्या कापीव हिरवळीवरून, उडून पलीकडे जायचा. एकदा मागच्या वाळूच्या बंकरमध्ये, एकदा गवतात, एकदा तर पुढच्या होलवर उभ्या असलेल्या लोकांच्या पायांत. चोरून सराव केला होता खरा, पण तो अंधुक उजेडात, चेंडू नेमका कुठं पडतो हे न दिसता. चालताना पाय आपोआप वेगानं पडत, मग ग्रीनवर पोचून पुढच्या लोकांची वाट पाहत येरझाऱ्या. बूट सोडायचे, पुन्हा बांधायचे. मागे मामांची पावलं एका लयीत. दोनदा त्यांनी घसा खाकरला. मी वळलो नाही. ते बोलले नाहीत.

त्या सगळ्या चिडचिडीत एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला. कोपर गप्प होतं.

दहावा होल आमच्या मैदानावरचा सर्वांत लहान आणि सर्वांत खट्याळ. ग्रीनच्या मागे लगेच बाभळीची काटेरी रांग. तिथं चेंडू गेला की गेलाच. आयर्नचा नंबर जेवढा मोठा तेवढा चेंडू जवळ पडतो; मी सात नंबर काढला, ठेवला. सहा काढला, ठेवला. पुन्हा सात काढला. रेषा आता माझ्या डोक्यावरून निघून गेली होती, आणखी एक चूक परवडणारी नव्हती. दोघे परगावचे घड्याळ बघायला लागले. आणि माझा अभिमान, खरं सांगायचं तर, घाबरला.

"मामा, कुठला?"

"आठ," मामा लगेच म्हणाले. जणू सकाळपासून तोंडात धरून ठेवलेला शब्द होता.

"आठ? इथं मी कायम सात मारतो."

"लोखंडाचा सात. ह्या काडीचा आठ पुरतो. सात मारलास तर बाभळीत जाईल."

"तुम्हाला काय माहीत?"

"मग बाभळीतले चेंडू येचून कोण ठेवत व्हतं?" मामा म्हणाले. "माळी? त्यो आठ वाजेपत्तुर झोपलेला असतो."

मी आठ घेतला. चेंडू वर गेला, खाली आला आणि ग्रीनच्या मधोमध बसला. मला खरं तर त्याच्याकडे पाहायला हवं होतं. मी मामांकडे पाहत होतो. ते बॅग उचलून चालायला लागले होते.

त्यानंतर मी प्रत्येक ठोक्याआधी विचारलं. नऊ. सहा, पण अलगद. इथं हात पळू देऊ नको, मनात 'एक' म्हण, मग मार. महिनाभर पहाटे ते त्या बाभळींमागे बसून प्रत्येक काळी दांडी चेंडू कुठवर नेते ते पाहत आले होते. मला जे अंधारात दिसत नव्हतं ते त्यांच्या पायाशी येऊन पडत होतं. गेलेले ठोके एकेक करून परत यायला लागले. पण माझी तगमग कमी झाली नाही. उलट वाढली, आणि ती आता कार्डाची राहिली नव्हती.

सोळाव्या होलवर पुढचे लोक चेंडू शोधत बसले आणि आम्हाला थांबावं लागलं. एरवी लांबून तोफांच्या सरावाचा आवाज यायचा, त्या दिवशी तोही बंद होता. मामा बॅगेला टेकून उभे राहिले. मी विचारलं की सगळं ठाऊक होतं तर ते गप्प का बसले, स्पर्धेचे तीन दिवस लोखंडानं का खेळू दिलं.

ते बराच वेळ डाव्या कोपरावर तळवा फिरवत राहिले. त्यांचा तो हात कधीच सरळ होत नसे. आंब्यावरून पडून मोडला होता, असं सगळी वस्ती सांगायची. मंदाही तेच सांगायची.

"मी झाडावरून पडलो नव्हतो," मामा म्हणाले.

मी बॅगेजवळ सरकलो.

"तुझ्यासारखाच कण्हायचो. तुझ्यासारखाच खोकायचो. दोन वर्सं. साहेबानं इलायतेहून आणून एक हलका सेट दिऊ केला व्हता मला. चार लोकांसमोर. मी म्हनलो, बायकांचा हाये, नको. लोक हसले. साहेबपन हसला. मग एक दिवस हात वर गेला तो सरळ खाली आलाच नाय." त्यांनी दूर पुढच्या लोकांकडे पाहिलं. "तेव्हा बाहेरच्या लोकांशी खेळाया मला बोलावनं आलं व्हतं. म्हनलं, आंब्यावरून पडलो. आन् लोखंडाचं गुनगान गात बसलो. काय करनार, दुसरं गानं यीना."

"मग मला सांगायचं होतं."

"काय सांगू? काडी घे? ज्या तोंडानं इतकी वर्सं काडीला शिव्या घातल्या त्या तोंडानं?" मामा माझ्याकडे वळले. "तीन दिस जिभेवर आलं आन् गिळलं. काल तुझ्या हातून तांब्या पडला. रातभर डोळा लागला नाय. पहाटं पेरीनबाईकडं गेलो, म्हनलं, जावई येईल, सेट काढून ठिवा. बाई लई बोलली मला. बोलू दिलं. तुला सांगन्यापरीस लोखंड देवीपुढं ठिवनं सोपं व्हतं."

पुढचे लोक हलले. परगावच्यांपैकी एकानं हात केला. मी बाहीनं डोळे पुसले; मला मारायचं होतं. मी विचारलं, "कुठला?" मामा म्हणाले, "पाच. आन् आता रडू नको, दिसायचं नाय."

शेवटच्या होलवर मला पार, म्हणजे चार ठोक्यांत होल, हवा होता. ड्रायव्हर बरा बसला. दुसरा ठोका मामांनी सांगितलेल्या सहा नंबरनं मारला तो ग्रीनच्या कडेला थांबला. पटरचा पहिला ठोका होलाच्या तोंडाशी येऊन थबकला, दुसरा आत गेला. आत जाताना त्याचा जो आवाज झाला तो मला नीट ऐकूही आला नाही, इतके कान भरून आले होते. गुणपत्रकावर सही केली, कार्यालयाबाहेर जाऊन उभा राहिलो. मागचे लोक अजून खेळत होते, त्यांचे आकडे लागेपर्यंत कुणाला काही सांगता येत नव्हतं. मंदा कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिच्या हातांवर हळद होती. फळ्यावर एकेक आकडा चढत होता, आणि प्रत्येक आकड्याबरोबर रेषा जरा वर, जरा खाली होत होती. एका वेळी तर मी बाहेर पडलोच होतो. मग शेवटच्या गटातल्या कुणाचा तरी चेंडू बाभळीत गेला. त्या बाभळींचं मी आजही वाईट चिंतत नाही.

माझं नाव सगळ्यांत शेवटी वाचलं गेलं. पण वाचलं गेलं. मंदा तिथल्या पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. मी मामांना शोधायला धावलो.

ते गर्दीत नव्हते, कॅडींच्या शेडमध्येही नव्हते. सापडले मैदानाच्या टोकाला, बाभळींसमोर, जिथून मी पहाटे मारायचो त्या जागी. बॅग जमिनीवर आडवी, आणि हातात एक काळी दांडी. ते ती आडवी धरून पाहत होते, विकत घ्यायच्या उसाचं कांडं पाहावं तशी.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी मान हलवली. माझ्या पाठीवर हात ठेवतील असं मला वाटलं. तसलं काही त्यांनी केलं नाही. नंतर मी फार गावं हिंडलो, फार चांगल्या माणसांबरोबर खेळलो, पण त्यानंतर जे पाहिलं ते मला दुसरीकडे कुठं दिसलं नाही.

"एक चेंडू ठिव," मामा म्हणाले. "मला वाकवत नाय."

मी चेंडू ठेवला आणि बाजूला झालो. मला शिकवलं तेही तोंडानंच; उभ्या जन्मात त्यांना मी चेंडू मारताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पाय रोवले, पकड घेतली, पुन्हा सोडली, धोतराला तळवे पुसले, पुन्हा घेतली. वाकडा हात जेवढा वर जाईल तेवढाच गेला, फार नाही, खांद्याच्या जरा खालीच. चेंडू निघाला. फार लांब गेला नाही. पण सरळ गेला, आणि गवतात पडून घरंगळत थांबला.

मामांनी तिकडे पाहिलंच नाही. ते दांडी तशीच हवेत धरून, डोळे घट्ट मिटून, दात आवळून उभे होते. कळ यायची वाट पाहत होते. मीही श्वास धरून उभा राहिलो. मग त्यांनी हळूच एक डोळा उघडला. कोपराकडे पाहिलं. दुसरा डोळा उघडला.

"आली नाय," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मी पुढे झालो, तर त्यांनी मला हातानंच दूर सारलं, आणि जुन्या साहेबांसारखा, जरा घाईनं, हुकूम सोडला.

"बघत काय राहिलास? आनखी एक ठिव."